चारची जागा

शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला एक खोड जडते, मोजण्याची. ही गोष्ट ज्याची, तो सोळा वर्षं शाळेची बस चालवत होता. पोरं चढताना मोजायची, उतरताना मोजायची, आणि शेवटचं पोर उतरल्यावरही पार मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं. मगच किल्ली काढायची. इतर ड्रायव्हर त्याची टिंगल करत. तो हसून सोडून देई, पण एक दिवसही त्याने मागच्या बाकापर्यंत जायचा कंटाळा केला नाही.

ही खोड त्याने घरीही नेली होती. घराबाहेर पडलं की प्रत्येकाचा नंबर ठरलेला. बाबा एक, आई दोन, थोरली तीन, मधली चार आणि शेंडेफळ पाच. शेंडेफळाला सगळे चिमटी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती चिमटीत मावेल एवढीच होती. बाजारात, बागेत, स्टेशनावर, कुठेही बाबा मध्येच “एक!” म्हणायचा, की बाकीच्यांनी आपापला नंबर ओळीने म्हणायचा. शेवटचा नंबर आला की बाबाचा जीव भांड्यात पडायचा. मधलीला मात्र कधी धीर नव्हता. थोरलीचं “तीन” पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत ती “चार!” असं काही ओरडायची की आजूबाजूचे लोक दचकून मागे बघत.

मधलीला जाऊन चार वर्षं झाली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि अकराव्या दिवशी तिच्याशिवाय घरी आले. सहा वर्षांची होती. त्यानंतर पहिल्यांदा सगळे बाहेर पडले तेव्हा बाबाच्या तोंडून सवयीने “एक” निघून गेलं. “दोन,” आई म्हणाली. “तीन,” थोरली म्हणाली. मग कोणीच बोललं नाही. आणि त्या शांततेनंतर, नुकतीच बोलायला लागलेली चिमटी, तिला जसं शिकवलं होतं तसं, “पाच” म्हणाली. आई तिथेच रस्त्यावर तोंड फिरवून रडली होती. पण कोणी काही ठरवलं नाही, बदललं नाही. तेव्हापासून या घराची मोजणी तशीच चालत आली. तीन, मग एक श्वासभर थांबायचं, मग पाच.

आता चिमटीही सहा वर्षांची झाली होती, आणि प्रश्न विचारायला लागली होती. “आपण चारच आहोत, तर मी पाचवी कशी?” बाबा काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचा. पण बस चालवताना तेच डोक्यात घोळत राहायचं. ज्या बहिणीचा चेहराही पोरीला आठवत नाही, तिची रिकामी जागा तिने जन्मभर का सांभाळायची? त्याने मनाशी एक ठरवून टाकलं. बायकोला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणेल हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

रविवारी दुपारी तो सगळ्यांना घेऊन विज्ञान केंद्रात गेला. मागच्या आठवड्यात शाळेची सहल तो तिथे घेऊन गेला होता, आणि परतीच्या वाटेवर बसमधली साठ पोरं एकाच वेळी बोलत होती. आपल्या पोरींनाही हे दाखवायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. दारातच मोठ्या अक्षरांत पाटी होती, “कृपया हात लावा.”

“बघ, तुझ्यासाठीच लिहिलंय,” थोरली चिमटीला म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा.”

थोरली तेरा वर्षांची. आईवडिलांबरोबर कुठे दिसणं हीच तिला सध्या शिक्षा वाटत होती.

आत शिरण्याआधी बाबा थांबला. घसा साफ केला. “ऐका. आजपासून चिमटी चार.”

चिमटीने टाळ्या वाजवल्या. थोरलीने झटकन आईकडे पाहिलं. आई शिवणाच्या दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायचं काम करायची. बोलताबोलता समोरच्याची बाही, शिवण चाचपत राहायची तिला सवय होती. आता ती चिमटीच्या फ्रॉकची कॉलर सरळ करत होती. ती सरळच होती, तरी करत राहिली.

“आधी मला सांगायचं होतंत,” ती एवढंच म्हणाली.

“कधीतरी करायचंच होतं ना.”

“हो. कधीतरी.”

विषय तिथेच राहिला. बाबाला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. आत काहीतरी टोचत होतं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

दीड-दोन तास मजेत गेले. दालनाच्या दोन टोकांना दोन प्रचंड वाडगे उभे केले होते. एकात कुजबुजलं की दुसऱ्यापाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू यायचं. चिमटीने त्यातून थोरलीला “माकडे” म्हटलं. धातूच्या दोन मुठी हातांत धरल्या की आपल्या छातीचे ठोके ढोलावर वाजत, ते बाबाने करून पाहिलं आणि ढोल इतका घाईघाईने वाजला की आईसुद्धा हसली. तिला हसताना बघून त्याला बरं वाटलं.

शेवटच्या दालनात बोगदा होता. बाहेरून पाहिलं तर नुसतं काळं रंगवलेलं लाकडी खोकं, पण आत रांगत जायची वळणावळणाची वाट, आणि उजेडाचा टिपूसही नाही. फक्त हातांनी चाचपत जायचं. दाराशी एक वयस्क बाई खुर्चीवर बसल्या होत्या. जन्मभर वर्गात पोरांना गप्प बसवण्याचं काम केल्यासारखा आवाज.

“बूट इथे. घड्याळ, फोन, चमकणारं काही असेल ते या पेटीत. उजवा हात भिंतीवरून काढायचा नाही. मधे एक गोल खोली लागेल, उशांची, तिथे हवं तर बसा. मग घसरगुंडीवरून बाहेर. कोणी घाबरलं तर हाक मारा, मी इथून दिवे लावते. किती जण?”

“चार,” बाबा म्हणाला.

“या.”

बाबा पुढे, मागे थोरली, मग चिमटी, आणि शेवटी आई. दहा-बारा पावलांचं अंतर रांगल्यावर मागचा पडदा मिटला, आणि डोळे उघडे आहेत की बंद हेच कळेना. आत लाकडाचा आणि अनेकांच्या घामेजल्या मोज्यांचा वास होता. उजव्या हाताला आधी ब्रशचे केस लागले, मग दोरखंड, मग खरखरीत काचकागद, मग गार लोखंड. चिमटी मागून प्रत्येक गोष्टीचं नाव ओरडून सांगत होती. मग भिंत एकदम दूर झाली, गुडघ्यांखाली मऊ लागलं, आणि ती गोल खोली आली.

तिथे आवाजच विरून जात होते. उशांनी सगळे शोषून घेतले असावेत. चिमटीची बडबड थांबली होती. कोण कुठे बसलंय, काही कळत नव्हतं. खोली चांगली ऐसपैस असावी असं वाटलं. बाबाने दोन्ही हात लांबवले तरी कशालाच लागले नाहीत.

“एक,” तो म्हणाला.

“दोन.” आईचा आवाज, डावीकडून.

“तीन.” थोरली, कंटाळून.

क्षणभर काहीच नाही. चार वर्षं त्या जागी जे ऐकू यायचं, तेच. आणि मग एक मुलगी शांतपणे म्हणाली,

“चार.”

बाबा खूश झाला. चिमटीला लक्षात राहिलं, एकदाच सांगितलं तरी. मोजणी पुरी झाली होती, चार म्हणजे चार. “चला,” तो म्हणाला, चाचपत घसरगुंडीचं तोंड शोधलं आणि घसरून बाहेर पडला. त्याच्यामागे थोरली आली. तिच्यामागे आई आली.

आईमागे कोणी आलं नाही.

“चिमटी पुढे होती ना?” आई म्हणाली.

“तुझ्यापुढेच होती.”

“खोलीत माझ्या हातून तिचा पाय सुटला. पण तिने नंबर म्हटला, म्हणून मला वाटलं तुमच्याबरोबर पुढे गेली…”

उजेडाने दिपलेल्या डोळ्यांनी तिघे एकमेकांकडे बघत राहिले. मग आई घसरगुंडीच्या तोंडाशी वाकून हाका मारायला लागली. आतून उत्तर नाही. थोरली बुटांच्या कपाटामागे, ढोलाच्या दालनात शोधायला धावली. आणि बाबा वळसा घालून दाराशी, त्या बाईंकडे पळाला.

आता जे घडलं ते त्याने पुढे बायकोलाही पुरतं सांगितलं नाही.

“मुलगी आत राहिलीय,” तो म्हणाला.

“घाबरू नका, दिवे लावते,” म्हणत बाईंनी बटणाकडे हात नेला.

“नको!”

बाईंचा हात थांबला.

“एकदम उजेड पडला तर दचकेल ती. मी आणतो. दोन मिनिटं द्या.”

हे खोटं होतं. वळसा घालून पळताना त्याच्या कानात ते “चार” पुन्हा वाजलं होतं. तो आवाज चिमटीचा नव्हता. चिमटीचा आवाज घोगरा, हा स्वच्छ होता. आणि उजेड पडला की ज्याने कोणी “चार” म्हटलं ते तिथे नसणार, हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, जसं काही कोणी सांगून ठेवलं होतं. सोळा वर्षं परक्यांची पोरं बाकाखाली वाकून शोधणारा हा माणूस. त्याची स्वतःची पोर अंधारात होती आणि त्याने दिवे लावू दिले नाहीत.

ब्रश. दोरखंड. काचकागद. लोखंड या वेळी आधीपेक्षा गार लागलं. गोल खोलीच्या तोंडाशी तो थांबला.

“चिमटे?”

उत्तर नाही. पण खोली रिकामी नव्हती. कोणीतरी श्वास घेत होतं, आणि तो श्वास एकाचा नव्हता. मुलीला हाक मारायची सोडून त्याने दुसरीच हाक मारली, अगदी हळू.

“…चार?”

“चार.”

इतक्या जवळून, की त्याच्या गालाला वारा लागला. तो तिथेच उशांवर बसला. त्याला विचारायचं होतं, दुखलं का गं तुला, आम्ही दिसत होतो का तुला त्या शेवटच्या रात्री, माझ्यावर राग नाही ना. तोंडातून फक्त “बाळा…” निघालं. आणि अंधारातून लहानशी बोटं आली आणि त्यांनी त्याचा अंगठा धरला. ती गार नव्हती. गरमही नव्हती. त्याला वाटलं, आता इथून हलायचंच नाही. खरंच वाटलं तसं. लाज वाटावी इतका तो त्या क्षणी सुखी होता.

मग खोलीच्या दुसऱ्या बाजूने कोणीतरी नाक ओढलं.

तो भानावर आला. “चिमटे! अगं, बोलत का नाहीस?”

“कुठला नंबर म्हणू?” चिमटीचा घोगरा आवाज, रडवेला. “माझा तर तिने म्हटला. मग मला उरलाच नाही.”

मोजणी पुरी झाल्याबरोबर आपण उठून चालते झालो होतो. नंबर नसलेली पोर मागे राहिली, कारण तिला म्हणायला काही उरलंच नव्हतं. आपणच काढून घेतलं होतं.

“पाच,” तो म्हणाला. “तू पाच. आधीही पाच, आताही पाच.”

“पक्कं?”

“पक्कं. म्हण बघू.”

“पाच,” चिमटी म्हणाली, आणि उशांवरून सरपटत त्याच्या दिशेने आली. त्याने डाव्या हाताने तिला चाचपलं, तिचे मोजे, फ्रॉक, ओला चेहरा. पण तिला घेऊन बाहेर पडायला दुसरा हातही हवा होता, भिंतीसाठी. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कोणीतरी धरून ठेवला होता.

“सोड, बाळा,” तो म्हणाला.

बोटं घट्ट झाली.

“सोड… मला हिला न्यायचंय.” हे म्हणताना तो रडत होता.

बोटं सुटली. एकेक करून, सावकाश. आणि जेमतेम शेवटचं बोट सुटलं, तोच दिवे लागले. पलीकडे जाऊन आईने बाईंना लावायला लावले होते.

खोलीत राखाडी उशांशिवाय काही नव्हतं. आणि खोली लहान होती. हात जरा पसरले की दोन्ही भिंतींना लागत होते. चार माणसं तिथे दाटीवाटीनेही बसू शकली नसती.

बाहेर आल्यावर आईने चिमटीला पोटाशी धरलं ते सोडेचना. खुर्चीवरच्या बाई पाणी घेऊन आल्या, “होतं असं, लहान मुलं रमतात आत,” म्हणाल्या. थोरली धाकटीच्या बुटांच्या नाड्या बांधत बसली, आयुष्यात पहिल्यांदा. बाबा बाकावर आईशेजारी बसला.

“ती होती गं,” तो शेवटी कुजबुजला. “मधली. माझा अंगठा धरला तिने. मी तिचा नंबर दुसऱ्याला दिला, म्हणून आली. सांगायला आली.”

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. “ऐकलं मी पण,” ती म्हणाली. “खोलीत. मला वाटलं, चिमटी आवाज बदलून बोलतेय.”

“मग? तूच सांग.”

“मधली कधी थांबली होती का हो?”

त्याला कळलं नाही.

“तीन म्हणून व्हायच्या आत ओरडायची ती. एकदाही थांबली नाही, तुम्ही किती रागावलात तरी. आणि हे जे कोण होतं…” आईचा आवाज खाली गेला. “ते आपली पाळी येईपर्यंत थांबलं. आपण तिच्यासाठी जेवढं थांबतो ना, तेवढं. ती माझी पोर नव्हती.”

बाबाने नकळत अंगठा मुठीत झाकून घेतला. इतक्या वर्षांनी भेटलेलं पोर पाच मिनिटांत दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी तिच्या जागी काय राहिलं हे विचारायचं त्याला धाडस होईना.

“चिमटे,” आईने विचारलं, “आत कोण होतं गं तुझ्याबरोबर?”

“माहीत नाही. अंधार होता ना.” चिमटी पाणी पीत होती. “तिने विचारलं, तुम्ही ते काय म्हणता. मी म्हटलं, नंबर. नंबर असला की घरी जाता येतं.”

“मग?”

“मग म्हणाली, आमच्यात कोणालाच नाही.”

आई उठली. “चला. घरी चला.”

ते गाडीपाशी आले. ऊन कलायला आलं होतं, गाड्या एकेक करून निघत होत्या, कुठल्याशा घरातली पोरं पुढे बसण्यावरून भांडत होती. आई पुढे बसली. मागे एका खिडकीशी थोरली, दुसऱ्या खिडकीशी चिमटी. दारं लागली. बाबाने किल्ली लावली, आणि त्याचा हात थांबला. सोळा वर्षांत मोजल्याशिवाय त्याने गाडी सुरू केली नव्हती. आज मोजू नये असं वाटत होतं. पण न मोजता निघायचीही छाती होईना.

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

“एक,” तो म्हणाला.

“दोन.”

“तीन.” थोरलीचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मग ती जागा आली. चौघेही श्वास रोखून बसले. बाहेर कोणाच्या तरी गाडीचं दार लागलं. आत काही नाही. एक श्वास, दोन श्वास, काहीच नाही. बाबाचे डोळे भरून आले, कारण एवढं सगळं होऊनही, आईने एवढं सांगूनही, त्याने वाट पाहिली होती.

“पाच,” चिमटी म्हणाली.

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबाने डोळे पुसले. ती जागा मोकळी होती, तिचीच होती, आणि तशीच राहणार होती. त्याने किल्ली फिरवायला हात पुढे केला.

“सहा.”

मागून आलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. शहाण्या मुलासारखं, आपली पाळी येईपर्यंत थांबून.

आरशात थोरलीने तोंडावर दोन्ही हात दाबून धरलेले दिसले. चिमटी मात्र दचकली नाही. तिने बाजूला एकदा पाहिलं, मांडीवरची आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली, आणि मधली जागा मोकळी करत ती खिडकीकडे सरकून बसली.